कोंढाण्याचा जुना गडकरी

पुणेकर सिंहगडावर कशाला जातो, याची उत्तरे ठरलेली आहेत. कोणी तानाजीच्या समाधीपुढे नतमस्तक व्हायला जातो, कोणी आतकरवाडीची पायवाट किती मिनिटांत चढलो याचा हिशेब मांडायला जातो आणि उरलेली मंडळी पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातल्या दह्यासाठी जातात. मी उघड उघड या तिसऱ्या पंथाचा. परंतु दही संपवून मडके खाली ठेवले, की माझी नजर पलीकडच्या गवता-झुडपांत शिरते. या गडाचा एक जुना रहिवासी तिथे, जमिनीखालच्या बिळात, दिवसभर झोपलेला असतो.

तो एक उंदीर आहे. नाक मुरडू नका! आपल्या फडताळातल्या चोराशी त्याचे नाते दूरचे. अंगावरचे केस मऊ, वावर रात्रीचा, आणि पत्ता असा की भल्याभल्यांना हेवा वाटावा. सुमारे १३०० मीटर उंचीचा हा माथा. पुढे बरीच वर्षे जगाला त्याचे एवढे एकच ठिकाण ठाऊक होते.

त्याला शोधले पुण्यानेच, आणि तेही भलत्याच खात्याने. १९५२ साली पुण्यात विषाणू-संशोधन केंद्र निघाले. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच. विषाणूंच्या अभ्यासकांना उंदरांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण कित्येक रोग गोचिडा-पिसवांच्या पाठीवरून प्रवास करतात, आणि गोचिडा-पिसवा उंदरांच्या. तेव्हा रोग शोधायचा तर उंदीर ओळखता आला पाहिजे. मिश्रा आणि धांडा या दोघा संशोधकांनी १९७५ साली हा उंदीर निराळ्या जातीचा असल्याचे जाहीर केले आणि त्याचे बारसे केले: मिलार्डिया कोंडाना.

मराठीच्या मास्तराला या नावाचा मोह न पडता तरच नवल. यातले 'मिलार्डिया' हे कुळाचे नाव १९११ सालचे. मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाचे चिटणीस मिलार्ड यांच्या गौरवार्थ ते ठेवले गेले. सस्तन प्राण्यांच्या मोठ्या पाहणीमागे याच गृहस्थाची खटपट होती. आणि 'कोंडाना' म्हणजे आपला कोंढाणा! आपण सर्वांनी गडाला सिंहाचे नाव दिले, जुने नाव पोवाड्यांत आणि बखरींत ठेवून दिले. ते जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत आज वागवतो आहे तो हा उंदीर.

कायद्याने मात्र त्याची चांगलीच थट्टा केली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात उपद्रवी प्राण्यांची यादी होती, आणि तीत कावळ्यांच्या पंगतीला सरसकट 'उंदीर' बसवलेले. म्हणजे बारशाच्या तीन वर्षे आधीच बाळाच्या कपाळी गुन्हेगाराचा शिक्का! २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्ट काढून टाकले. आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची गणना संकटग्रस्तांत होते. दोष शब्दाचाही आहे म्हणा. मराठीने चिचुंद्रीला वेगळे नाव दिले, घुशीला दिले. बाकीच्या साऱ्यांना मात्र एकाच 'उंदीर' या गाठोड्यात बांधून टाकले.

त्याचे संकट मोठे नाट्यमय नाही, म्हणून ते दिसत नाही. सरपणासाठी झुडपे तुटतात, गुरे चरतात, वाहने लावायला जागा लागते, आडवाटा रुंदावतात. यांतले एकेक काम पाहावे तर क्षुल्लक. गड उतरून घरी आलेल्या कोणालाही आपण कोणाचे घर तुडवून आलो असे वाटत नाही. वाटावे तरी कसे? तो तेव्हा निजलेला असतो. शेतातल्या उंदराचे एक शेत नांगरले तर तो शेजारच्या शेतात जातो. माथ्यावरच्याने जायचे कुठे? चहूकडे कडा.

दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात. मावळे येतात, तोफा येतात, गुहेत वाघही बसतो. यंदा तुमच्याकडे सिंहगड होणार असेल, तर मातीचा एक बोटभर उंदीर करायला सांगा. तो बुरुजावर नको. अळिवाच्या हिरवळीत, सहज दिसणार नाही असा ठेवा. आणि पणती त्याच्यापासून जराशी लांब.