म्हातारीनं वाघोबाला कोंबडं दिलं

१८ जून, बुधवार

शाळा उघडल्यापासून पाऊस धरून आहे. पहिली-दुसरी एकाच खोलीत बसतात. पहिलीतली निम्मी मुलं अजून पाठीवरचं दप्तर उतरवत नाहीत. कधीही घरी पळता यावं म्हणून असेल. आज म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगितली. पुस्तक हातात घेतलं नाही. काठी टेकत, वाकून, खोलीभर फिरत सांगितली. वाघ आला तेव्हा पुढची ओळ मागे सरकली. गोष्ट संपली तेव्हा बहुतेक दप्तरं जमिनीवर होती.

गोष्टीनंतर मी काही विचारत नाही. म्हातारी कुणाकडे गेली, वाटेत कोण भेटलं, यातून आपण काय शिकलो, यातलं काहीच नाही. असले प्रश्न लागोपाठ आले की पोरांना कळून चुकतं, गोष्ट हे आमिष होतं आणि आत गळ होता. मग पुढच्या गोष्टीला ती सावध बसतात. सावध बसलेल्या मुलाला गोष्ट ऐकूच येत नाही.

१९ जून, गुरुवार

आज पुन्हा तीच गोष्ट हवी होती. मधेच दुसरीतली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, वाघोबाला असं फशवायचं नाय. देव हाय तो."

तिचं म्हणणं साधं नव्हतं. इथं पाड्यांच्या वेशीला वाघोबा आहे, लाकडावर कोरलेला, वर सूर्य-चंद्र, अंगाला शेंदूर. वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवल्याशिवाय सण होत नाही. डहाणूच्या जंगलपट्टीत बिबट्या आजही फिरतो, आणि ज्याच्या आजानं तो पाहिलेला नाही असं पोर वर्गात शोधावं लागेल. म्हातारीनं वाघाला "परत येते, मग खा" असा शब्द दिला आणि मोडला, हे त्यांना पटेना.

"मग काय करायचं तिनं?" मी विचारलं. वर्गात दोन तट पडले. म्हातारीनं भोपळ्यात बसूच नये, असं काहींचं मत. बाकीचे ऐकेनात, कारण भोपळा गडगडत जातो तीच तर खरी मजा. शेवटी पहिलीतल्या एका मुलानं तोड काढली. म्हातारीनं भोपळ्यात बसावं, पण मांडीवर लेकीकडचं कोंबडं घ्यावं. वाघोबा दिसला की ते त्याला द्यावं आणि पुढं जावं. सगळ्यांना पटलं. मी मोठा कागद भिंतीला लावला आणि ती सांगतील तसं लिहीत गेले. "हाय" म्हणाली तिथं "हाय" लिहिलं. प्रमाण मराठी यायची तेव्हा येईल, आणि ती यावी यासाठीच मी इथं आहे. पण ज्या दिवशी मूल पहिल्यांदा स्वतःचं बोलणं कागदावर उमटताना पाहतं, त्या दिवशी त्यावर लाल रेघ नको.

२४ जून, मंगळवार

भिंतीवरचा तो कागद आता रोज वाचतात. वाचतात म्हणजे पाठच आहे त्यांना, पण बोट शब्दाशब्दावर ठेवून म्हणायचं हा नियम. बोट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे गेलं की बाकीची पोरं ओरडतात. आज एक वाक्य पट्टीवर लिहून कापलं: 'म्हातारीनं', 'वाघोबाला', 'कोंबडं', 'दिलं'. तुकडे मिसळून पुन्हा लावायला दिले. एका जोडीनं 'वाघोबानं' असा शब्द मागून घेतला, कारण त्यांना वाघोबानं म्हातारीला कोंबडं द्यायचं होतं. 'ला' आणि 'नं'नं काय उलथापालथ होते, हे व्याकरणाचा तास न घेता समजलं. मग 'वा' कुठं कुठं सापडतो ते शोधलं: वाघोबात, वाटेत, गावात.

न्यूझीलंडच्या माओरी मुलांना शिकवताना सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर रोज सकाळी प्रत्येक मुलाला विचारायच्या, तुला कुठला शब्द हवा. तो कार्डावर लिहून त्याच्या हातात द्यायच्या. दुसऱ्या दिवशी मुलाला तो ओळखता आला नाही तर कार्ड बाद, कारण तो शब्द त्याच्या जिवाचा नव्हता. याविषयीचं त्यांचं पुस्तक १९६३ सालचं. माझ्या वर्गात कोंबडं, भूत, आयस आणि बिबट्या हे शब्द कुणी विसरत नाही. कमळ, बदक आणि यज्ञ मात्र रोज नव्यानं शिकवावे लागतात.

३ जुलै, गुरुवार

आवणी सुरू झाली. वर्ग अर्धा रिकामा. मोठी मुलं शेतावर, धाकटी त्यांच्यामागं बांधावर. हजेरीपटाकडे पाहून जीव कष्टी होतो, पण रागवायचं कुणावर?

इथून कोसबाडची टेकडी लांब नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम करू लागल्या आणि १९५७ मध्ये कोसबाडला आल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. जी पोरं गुरांमागं रानात, त्यांच्यासाठी रानातच कुरणशाळा भरवली. माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांवर गणित आणि रंग शिकवले. ही माणसं आपल्या तालुक्यात होऊन गेली, याचा मला फार आधार वाटतो.

मुलं परत येतील तेव्हा त्यांच्याकडे वलगणीच्या माशांच्या, खेकड्यांच्या, इरल्यात शिरलेल्या विंचवाच्या गोष्टी असतील. कागद तयार ठेवलाय.

१५ जुलै, मंगळवार

आली सगळी. गोष्टी सांगायला रांग लागली. एक मूल सांगतं, मी लिहिते, मग खडूनं आखलेल्या गोलात ती गोष्ट करून दाखवायची. कोण काय होणार ते गोष्टीचा मालक ठरवतो.

ही रीत शिकागोच्या बालवर्गात शिकवणाऱ्या व्हिव्हियन पेली यांची. गोष्ट नुसती लिहून घेतली तर थोडीच मुलं पुढे येत. ती लगेच खेळायला मिळते हे कळल्यावर सांगणाऱ्यांना तोटा राहिला नाही, हा त्यांचा अनुभव. माझाही अनुभव तोच. पहिलीतल्या एकाची गोष्ट आज एवढीच होती: "खेकडा व्हता. चावला." दोन वाक्यांवर पाच पोरं गोलात उतरली. नंतर तो आपणहून परत आला आणि म्हणाला, "बाई, लिवा, मंग बा नं त्याला शिजवला." खेळताना शेवट राहून गेल्याचं त्याला जाणवलं होतं. लेखनात हेच तर शिकवायचं असतं.

२९ जुलै, मंगळवार

एक मुलगा शाळा उघडल्यापासून एक शब्द बोललेला नाही. गोलात येतो, झाड होऊन उभा राहतो. आज मैदानाच्या कडेला ओल्या मातीत काडीनं काढत होता: दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून माणूस, पुढं बैल, मागं छत्रीएवढं इरलं. मी शेजारी बसले.

जिव्या सोमा मशे याच तालुक्यातले. लहानपणी आई गेल्यावर त्यांचं बोलणं थांबलं आणि मनातलं ते धुळीत चित्रं काढून दाखवत, असं सांगतात. वारली चित्रं तोवर लग्नाच्या भिंतीवर बायका काढत. मशे ती कागदावर, रोजच्या जगण्याची काढू लागले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येक अबोल मूल चित्रकार होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण बोलला नाही म्हणून त्याला सांगायचं काही नाही, असं धरून चालणं हा अन्याय आहे. व्हरांड्याची एक भिंत गेरूनं सारवली, तांदळाचं पीठ कालवलं, बांबूची काडी ठेचून दिली. त्यानं दुपारभर काढलं. मी खाली काय लिहू विचारलं, तर बैलाकडे बोट केलं. मी 'बैल' लिहिलं. त्यानं मान हलवली, माझ्या हातातून खडू घेतला आणि पुढं आणखी एक बैल काढला. मग मी 'बैलजोडी' लिहिलं. तेव्हा चाललं.

११ ऑगस्ट, सोमवार

भिंत पाहायला एकीची आजी आली. पायरीवर बसून तिनं पोरांना भुताची गोष्ट सांगितली. भाषा सगळी घरची. मला मधले काही शब्द कळले नाहीत. ते मुलांनी मला समजावले, आणि समजावताना त्यांची मान केवढी ताठ होती! आता दर सोमवारी कुणाचं तरी माणूस येणार.

२६ ऑगस्ट, मंगळवार

तालुक्याच्या बैठकीत निपुण भारत अभियानाचा विषय. दुसरीच्या अखेरीस मुलानं मिनिटाला पंचेचाळीस ते साठ शब्द समजून वाचावेत. लक्ष्य मला मान्य आहे. ज्याला वाचता येत नाही त्याचं पुढं सगळंच अडतं, आणि गरिबाच्या मुलाचं जास्त अडतं. पण चर्चा सगळी घड्याळाची झाली, 'समजून' या शब्दाकडे कुणी वळलं नाही. मी उठून सांगितलं, माझ्या वर्गात सगळ्यात वेगात वाचला जाणारा मजकूर कोंबड्याचा आहे. काही जण हसले, दोन शिक्षिकांनी मात्र जेवणाच्या सुट्टीत कागद-पट्ट्यांची रीत लिहून घेतली.

९ सप्टेंबर, मंगळवार

कोऱ्या कागदाला घड्या घालून, मधोमध कापून आठ पानी पुस्तकं केली. शिलाई नाही, डिंक नाही. दोरीवर वाळत घातल्यासारखी टांगली आहेत आणि मधल्या सुट्टीत एकमेकांची वाचली जातात. खेकडावाल्याच्या पुस्तकावरून मात्र भांडण पेटलंय. त्यानं खेकड्याला आठ पाय काढले, दुसरीच्या मुली म्हणतात दहा. तो म्हणतो नांग्या म्हणजे पाय नव्हेत, त्यांनी तो चालत नाही. मला निकाल विचारला, मी दिला नाही. उद्या ओहोळावरून एक जिवंत खेकडा येणार आहे, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यातून. मोजणार कोण, यावरही एकमत नाही.