आठ महिन्यांची शाळा

तुमच्या घरात सातबाराचा उतारा कुठे ठेवला आहे असे कुणी विचारले, तर तुम्ही अंधारातही हात घालून तो काढून द्याल. सोसायटीचे पासबुक, साखर कारखान्याच्या शेअरची पावती, लाईटबिल, सगळे एका पिशवीत असते. पण तुमचे आजोबा कोणत्या गावच्या शाळेत पहिलीला बसले आणि त्या शाळेच्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढे जातीच्या रकान्यात काय लिहिले आहे, असे विचारले तर? निम्म्याहून अधिक घरांत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील. आणि नेमका हाच प्रश्न पोरगी बारावी पास झाली की दारात येऊन उभा राहतो.

मी चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ, माढा, करमाळा अशा बदल्या झाल्या, आणि आता सीनेच्या काठी गावातच असतो. निवृत्त झाल्यावर माणसे सहसा कीर्तनाला नाही तर शेतीला लागतात. माझ्या नशिबी आले दाखले. गावात कुणाला जातीचा दाखला काढायचा असला की तो आधी माझ्या ओट्यावर येतो. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण मी इतक्या वेळा ऐकली आहे की हल्ली ती कुणी म्हटली की मी म्हणतो, बाबा, सहा महिन्यांत झाले तर पेढे वाट.

लोकांचा पहिला घोटाळा होतो तो इथे. आधारकार्ड आहे, रेशनकार्ड आहे, मतदार यादीत नाव आहे, मग आणखी काय हवे? हे सगळे कागद तुम्ही कोण आहात आणि कुठे राहता एवढेच सांगतात. तुम्ही कोणत्या जमातीचे, हे ते सांगत नाहीत. त्यासाठी कागद लागतो तो बापाकडच्या जुन्या पिढीचा. अनुसूचित जमातीसाठी मानीव तारीख 6 सप्टेंबर 1950, अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. त्या तारखेला तुमचे घराणे महाराष्ट्रात राहत होते हे दाखवायचे आणि जात किंवा जमात दाखवणारा, जितका जुना तितका चांगला, पुरावा द्यायचा. वडिलांचा, आजोबांचा किंवा चुलत्याचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदी असलेले गाव नमुना 14, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, जुने महसुली कागद, कुणी सरकारी नोकरीत असल्यास त्याच्या सेवापुस्तकाचा उतारा. सोबत वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, म्हणजे या उताऱ्यातला माणूस माझा कोण लागतो याची साखळी. दाखला प्रांतसाहेब देतात, आणि त्यावर पुन्हा तपासणी समिती आपला शिक्का मारते, त्याला वैधता म्हणतात. नुसत्या दाखल्यावर राखीव जागेचे काम भागत नाही. महाराष्ट्राचा यासाठीचा कायदा 2001 साली अमलात आला आणि त्यात स्वच्छ लिहिले आहे की आपली जमात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच आहे.

ज्याच्याकडे जमीन होती आणि ज्याच्या घरातले पोर शाळेत गेले, त्याला हा भार पेलतो. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी तहसील कचेऱ्यांतली जुनी दप्तरे उघडली गेली, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. मोडी वाचणाऱ्या माणसांना तेव्हा जावयासारखा मान आला होता! पण ज्यांचे दप्तरात नावच नाही, त्यांनी काय उघडायचे?

आमच्या मळ्याच्या बाजूला एक फासेपारध्याचे घर आहे. घर म्हणजे पत्र्याचे दोन खण. आसपासच्या पाच-सहा शेतकऱ्यांच्या द्राक्षबागांची आणि ज्वारीची राखण तो करतो. तुमच्यापैकी अनेकांच्या रानात असा राखणदार असेल. त्याची थोरली मुलगी आमच्याच शाळेत शिकली, पुढे मोहोळला गेली आणि 2022 साली बारावी विज्ञान चांगल्या गुणांनी पास झाली. तिला नर्सिंगला जायचे होते. यादीत पारध्यांची नोंद आहे, त्यात फासेपारधी हे नावही आहे, जागाही होती. तिच्याजवळ स्वतःचा शाळेचा दाखला होता, त्यावर जात बरोबर लिहिलेली होती. पण तो 2010 नंतरचा. बाप शाळेत गेलेला नाही. आजा तर पालात जन्मला आणि पालातच गेला.

आम्ही एका कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने अर्ज पाहिला, आडनाव पाहिले आणि विचारले, “हे आडनाव तर सगळ्यांत असतं. पारधीच कशावरून?” त्याचेही अगदी चूक नव्हते. पारध्यांत भोसले आहेत, पवार आहेत, चव्हाण, काळे आहेत. आडनावावरून काहीच कळत नाही. मुलीचा बाप मात्र बाहेर आल्यावर म्हणाला, “गुर्जी, चोरी झाली की रातच्याला दारात येत्यात तवा कुणी इचारत न्हाई पारधी कशावरनं.”

यावर मी काय बोलणार? सोलापूरकरांना सेटलमेंट हा शब्द नवीन नाही. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, 1924 साली तो आणखी आवळला. जन्माला आलेले मूल जन्मतःच संशयित. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. आत हजेरी, बाहेर जायचे तर पास. गिरण्यांना हातही त्याच कुंपणातून मिळाले. मुंबई प्रांतात हा कायदा 1949 साली रद्द झाला आणि सगळ्या देशात 31 ऑगस्ट 1952 रोजी. त्यानंतर ही माणसे ‘विमुक्त’ झाली. म्हणजे पाहा, 1950 च्या आधीचा कागद आपण मागतो तो अशा माणसांकडून, ज्यांचे नाव त्या काळी लिहिले गेले ते प्रामुख्याने हजेरीपुरते.

जाता जाता एक सांगतो. एकाच जमातीला जिल्हा बदलला की वेगळे नाव मिळते, असेही आपल्याकडे आहे. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातीत आहे आणि आपल्या सोलापुरात विमुक्त जातीत. पूर्वी कित्येक जमातींना अशी हद्दीची अट होती. 1976 च्या कायद्याने ती बहुतेकांची काढली, कैकाड्यांची राहिली. सोयरीक सोलापूर-अमरावतीची झाली तर एकाच मांडवात दोन याद्या!

मुलीचे ते वर्ष गेले. जागा होती पण मुदतीत कागद पुरे झाले नाहीत. ती घरी बसली नाही, द्राक्षाच्या डिपिंगला मजुरीने गेली. बायकांत बारावी सायन्सवाली म्हणून तिची थट्टा व्हायची. तिने एकदाच मला विचारले, “गुरुजी, मी पारधी आहे हे शाळेत मला रोज कुणी ना कुणी सांगायचं. मग आता ते कुणालाच का पटत नाही?”

आम्ही शोध मुलीच्या आजीपासून सुरू केला. म्हातारी सत्तरीच्या पुढची. तिला सन-साल ठाऊक नाही, पण दुष्काळ, महापूर, कोणत्या पाटलाच्या वेळी कुठे पाल होते हे सगळे पाठ. बोलता बोलता ती म्हणाली की तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ लहानपणी करमाळ्याकडच्या एका गावात शाळेत जायचा. कारण तिथल्या मास्तरांनी त्याला पाटी दिली होती. एवढाच धागा. गावाचे नावही तिने अर्धेच सांगितले. तिकडे मी चार वर्षे नोकरी केलेली, म्हणून ओळखू आले.

ती शाळा आजही आहे. मुख्याध्यापक भला माणूस, त्याने कपाट उघडून दिले. रजिस्टराच्या कडा वाळवीने खाल्लेल्या होत्या, पण आतले मजकूर शाबूत. दुपारी बसलो तो दिवस मावळताना नोंद सापडली. सन 1947. मुलाचे नाव, बापाचे नाव, आणि जातीच्या रकान्यात ठसठशीत बाळबोधीत ‘फासेपारधी’. पुढे शेरा होता: सतत गैरहजर, नाव कमी केले. प्रवेशापासून मोजले तर आठ महिने भरतात. पाल उठले असणार आणि पोर पालाबरोबर गेले असणार.

मी इतकी वर्षे जनरल रजिस्टर लिहिले आहे. नवीन मूल आले की आपण घाईत असतो, बाप बाहेर बैल धरून उभा असतो, आणि आपण विचारतो, जात काय? तो सांगतो ते लिहितो. त्या अनोळखी मास्तरांनी नुसते ‘पारधी’ किंवा ‘हिंदू’ लिहिले असते तरी त्यांना कुणी बोल लावला नसता. त्यांनी पूर्ण शब्द विचारून लिहिला.

हा पूर्ण शब्द किती महाग आहे हे आमच्याच गल्लीतल्या कोळ्यांच्या घरी विचारा. त्यांच्याकडे कागद भरपूर आहेत, आजोबांचा 1936 चा उतारासुद्धा आहे. त्यावर ‘कोळी’ एवढेच आहे. त्यांचे म्हणणे, आम्ही महादेव कोळी, लिहिणाऱ्याने आखूड लिहिले. असेल तसेही. पण जुन्नर, आंबेगाव, अकोल्याच्या डोंगरातले महादेव कोळी म्हणतात, आमच्या वाट्याचे घास दुसरेच उचलतात. तेही खोटे कसे म्हणावे? सर्वोच्च न्यायालयाचा 2 सप्टेंबर 1994 चा माधुरी पाटील प्रकरणाचा निकाल याच जमातीच्या दाव्यावरचा. जुन्या नोंदीत ‘हिंदू कोळी’ होते, दावा टिकला नाही, आणि तपासणी समित्या नि दक्षता पथके यांची घडी त्याच निकालाने बसली. कोण खरे हे मी सांगू शकत नाही. एक मात्र सांगतो, जुन्या उताऱ्यात आजच्या शाईने शब्द घुसडून देतो म्हणणारा एजंट भेटला तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. खोट्या दाखल्याला सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी आहे, दंड आहे, आणि नोकरी मिळाली असेल तर तीही जाते.

पारध्याच्या मुलीचे पुढे असे झाले. उतारा प्रमाणित करून घेतला. वंशावळ लिहिली, आजीचा जबाब झाला, चुलत आजोबांच्या मुलांनी प्रतिज्ञापत्र केले की हा आमचा बाप आणि तो त्याचा सख्खा भाऊ. आम्ही चार शेतकऱ्यांनीही लिहून दिले की हे कुटुंब एवढ्या वर्षांपासून आमच्या शिवारात आहे. प्रांतांचा दाखला हाती आला. मग दक्षता पथकाची माणसे घरी आली. देव कोणता, लग्न कसे लागते, मेल्यावर काय करता, घरात काय बोलता, असे विचारले. पारध्यांची बोली गुजरातीशी मिळतीजुळती आहे. म्हातारी भडाभडा बोलली, पोरगी मात्र अडखळली. ती आमच्या शाळेत मराठी शिकली, मराठी पोरींत वाढली. मला धास्ती वाटली. पण 24 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितले आहे की चालीरीती जुळतात का ही परीक्षा एकटी निर्णायक धरू नये. शिकलेली पोरे जुन्या रीती विसरणारच. स्वातंत्र्याच्या आधीच्या काळातला कागद मात्र वजनदार धरतात, आणि आमच्याकडे 1947 चा होता. वैधता मिळाली. आज ती नर्सिंगचे शिक्षण घेते आहे, एक वर्ष उशिरा.

तुम्ही शोधायला निघाल तर आधी गाव त्या काळी कुणाच्या राज्यात होते ते पाहा. मंगळवेढा सांगली संस्थानात होते, अक्कलकोट स्वतंत्र संस्थान होते. दोन्ही 1948 साली विलीन झाली. शेजारच्या धाराशिवकडे निजामाचे राज्य, तिथे जुने दप्तर उर्दूत. चुकीच्या कचेरीत महिना घालवण्यापेक्षा हे आधी विचारलेले बरे.

लग्न झालेल्या बहिणींनी आपले कागद माहेरचे लागतात हे ध्यानात ठेवावे. लग्नाने स्त्रीची जमात बदलत नाही. कॅनडा देशात तिथल्या मूळ रहिवाशांना सरकार दर्जाचे कार्ड देते. त्यांच्या 1876 च्या कायद्याप्रमाणे बाहेरच्या पुरुषाशी लग्न केले की बाईचा दर्जा जात असे, आणि ते 1985 साली दुरुस्त झाले. तिकडेही कार्ड मागताना आईबापांच्या नावासकट जन्माचा दाखला लागतोच. आपल्याकडे 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पुढे सगळीकडे जन्माचा दाखलाच मुख्य धरला जातो. जन्म 21 दिवसांत कळवला तर पैसा लागत नाही, वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. ऊसतोडीला, खुरपणीला आलेल्या बाया तुमच्या रानात बाळंत होतात. ग्रामपंचायतीत नोंद करायला त्यांना कुणी नेत नाही. मोटारसायकल तुमच्या दारात उभी असते.

त्या मुलीचा सर्वांत धाकटा भाऊ गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेत पहिलीला बसला. बाप त्याला घेऊन आला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत थोरलीच्या वैधतेची झेरॉक्स. बाईंनी रजिस्टर उघडले, झेरॉक्स समोर ठेवली आणि रकाना भरला. तो म्हणाला, “बाई, काय लिवलं ते जरा वाचा की.” बाईंनी वाचून दाखवले. तो म्हणाला, “आनि एकदा.”