डाव्या डोळ्याची उघडझाप

पनवेल, रविवार. पाऊस उघडला, तसं बॉनेट उघडलं. जुन्या स्पोर्ट्‌स कारचा बॉनेटमध्ये लपणारा डावा दिवा आठवडाभर अर्धवटच वर येऊन थरथरायचा, डोळा मारल्यासारखा. मोटर ठणठणीत होती. तिची गती दिव्यापर्यंत नेणाऱ्या दांडीतलं नायलॉनचं बुश मात्र झिजून लंबगोल झालं होतं.

लेथवाल्या काकांनी ते बोटांत फिरवलं. "ग्रीस धुऊन गेलं की असंच व्हायचं," म्हणाले आणि तासाभरात नवं कातून दिलं.

१९३६ च्या कॉर्ड ८१० या गाडीचे असे लपणारे दिवे हाताने फिरवून वर काढावे लागत. २००४ नंतर तर मोठ्या कंपन्यांनी असे दिवे देणंच सोडलं.

संध्याकाळी दोन्ही डोळे एकदम उघडले. मी उठताना गुडघा करकरला. त्याचं बुश कोण कातून देईल?