सव्वा महिन्याचा सराव

गोविंदा पथकाचा हंगाम गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सुरू होतो आणि श्रावण वद्य नवमीला, गोपाळकाल्याच्या दिवशी संपतो. मधला काळ साधारण सव्वा महिन्याचा असतो. अधिक श्रावण आला की तो लांबतो. २०२३ साली गुरुपौर्णिमा ३ जुलैला होती आणि दहीहंडी ७ सप्टेंबरला, त्यामुळे पथकांना एरवीपेक्षा महिनाभर जास्त सराव मिळाला. लोकांना दिसतो तो शेवटचा एक दिवस. ठाण्यातल्या मुलाच्या आठवणीत मात्र आधीच्या पावसाळी रात्रीच जास्त राहतात.

सराव रात्रीच होतो, कारण पथकात कॉलेजची मुले असतात तशीच दुकानात, कारखान्यात, कुरिअरमध्ये काम करणारीही असतात. सगळे जेवून किंवा अर्धपोटी, नऊच्या सुमारास चाळीच्या पटांगणात नाहीतर शाळेच्या मैदानात जमतात. पहिले काही दिवस थर लागतच नाहीत. धावणे, दंड, बैठका आणि एकमेकांना खांद्यावर घेऊन उभे राहणे, एवढेच चालते. नव्या मुलाला हे कंटाळवाणे वाटते, पण पुढचे सगळे याच दिवसांवर उभे असते. खांद्यावर माणूस घेऊन गुडघे न लटपटता उभे राहता आले पाहिजे, आणि तेही श्वास न रोखता. दम कोंडणारा गोविंदा ताकदीचा असला तरी लवकर थकतो, म्हणून प्रशिक्षक सारखे ‘श्वास घे’ असे ओरडत असतात.

चढणे अनवाणी. पाय आधी मांडीवर, मग कमरेवर, मग खांद्यावर. खांद्याच्या टोकावर पाय पडला तर खालच्याचा तोल जातो आणि हाडही दुखते. तो मानेच्या जवळ पडला तर भार सरळ पाठीच्या कण्यातून खाली उतरतो. एवढा फरक अंगवळणी पडायला कित्येक रात्री जातात. पावसाने बनियन भिजलेली असते, कातडी निसरडी होते आणि पायाची नखे वाढलेली असतील तर खालच्याच्या मानेवर ओरखडे उठतात. म्हणून नखे कापणे हाही सरावाचा भाग आहे. बहुतेक पथकांत वरचे थर आधी उकिडवे बसून लागतात. मग शिट्टी झाली की खालून वर एकेक थर उभा राहतो. उभे राहताना एकाने घाई केली की सगळे रिंगण हलते आणि तो हेलकावा वर जाताना वाढत जातो. खालच्या माणसाला वर काय चालले आहे ते दिसत नाही. त्याने मान खाली घालून, शेजाऱ्याचा खांदा घट्ट धरून नुसत्या आवाजावर विसंबायचे असते.

उंचीचा हिशोब सोपा आहे. एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहत असल्याने प्रत्येक थराने माणसाच्या पूर्ण उंचीची नव्हे, खांद्यापर्यंतच्या उंचीची भर पडते. १० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात लावलेल्या नऊ थरांची उंची ४३.७९ फूट भरली आणि गिनेस बुकात तिची नोंद झाली. म्हणजे थरामागे पाच फुटांहून थोडे कमी. न्यायालयाने पुढे घातलेली वीस फुटांची मर्यादा चार थरांतच का संपत होती, ते यावरून कळते. नऊ थरांत वरचे चार थर एकेका गोविंदाचे असतील तर त्यांना चार एक्के म्हणतात. माणसे कमी, त्यामुळे खाली भार कमी. पण आधारही तेवढाच कमी.

थर उतरवणेही लावण्याइतकेच शिकावे लागते, आणि पथकाची खरी पारख तिथेच होते. सलामी देऊन झाली की मुलांचे लक्ष ढळते, प्रेक्षक ओरडत असतात, खालच्यांचे पाय भरून आलेले असतात. अशा वेळी सर्वांत वरचा एक्का आधी, मग त्याखालचा, या क्रमाने घाई न करता उतरणे हे रात्री-रात्री घोटून घ्यावे लागते. जे पथक सरावात थर कोसळू देत नाही, सावकाश उतरवते, ते कमी थर लावत असले तरी चांगले पथक मानायला हवे. वरच्या थराला हेल्मेट आणि कमरेला दोर असतो, तरी या शिस्तीला पर्याय नाही.

दहीहंडीच्या दिवशी पथक बस, ट्रक आणि मोटारसायकलींवरून गावभर फिरते. ठाण्यातल्या फेरीत टेंभी नाका असतोच. इथली हंडी शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांनी सुरू केली. त्यांचा आनंदाश्रमही याच नाक्यावर आहे. २००१ साली त्यांचे निधन झाले, पण मानाची हंडी म्हणून पथके इथे सलामी द्यायला येतच राहिली. जवळच जांभळी नाक्याची हंडी, पुढे नौपाड्यातली आणि वर्तकनगरातली. जागा रस्त्यावरची, गर्दी दाट, आणि आपली पाळी येईपर्यंत उन्हापावसात ताटकळणे भाग. सव्वा महिन्यात कमावलेला दम इथे कामी येतो. बक्षिसाच्या पैशातून टी-शर्ट, बसभाडे, औषधपाणी आणि नंतरची सहल भागते.

२०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा काढली, पण चौदा वर्षांखालील मुले थरांत नसतील, ही हमी शासनाने दिली. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि मृत्यू झाल्यास दहा लाख रुपयांची मदत ठरवली. वयाच्या अटीने सरावाची घडी बदलली. पूर्वी सर्वांत वरचा एक्का म्हणून अगदी लहान मूल चढवत. आता चौदा पूर्ण झालेला, तरीही वजनाने हलका मुलगा किंवा मुलगी शोधावी लागते आणि वय वाढते तसे वजनही वाढत असल्याने ती जागा कोणाला फार वर्षे धरता येत नाही. एक्का वाढला की एकेक थर खाली येतो, विशीत पोचेपर्यंत बहुधा तळाशी असतो, आणि त्याच्या जागी कोणाला तयार करायचे हे पथकाला पुढच्या गुरुपौर्णिमेच्या आत ठरवावे लागते.