जावा जिंकली की हरली?

गणपतीत माझा मावसभाऊ घरी आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोदक खाता खाता म्हणाला, "दादा, जावा मायक्रोसॉफ्टला हरवणार होती म्हणे. मग आमच्या लॅबमध्ये अजून विंडोजच कसं?" मी "आधी जेव" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात राहिला, कारण त्याचा संबंध माझ्या एका जुन्या चुकीशी आहे.

बीईच्या तिसऱ्या वर्षी खडेबाजारातल्या आमच्या भांड्यांच्या दुकानासाठी मी उधारीचा प्रोग्रॅम लिहिला. दुकानातल्या एका संगणकावर चालला, एवढ्यावर मी खूश होतो. पाच वर्षांनी तो संगणक बंद पडला. नव्या संगणकावर प्रोग्रॅम उघडेना. नोंदींची फाइल हातात होती, पण ती वाचायचं साधन नव्हतं. बाबा मला काहीच बोलले नाहीत. गिऱ्हाइकांना विचारून विचारून त्यांनी सगळी उधारी पुन्हा खतावणीत लिहून काढली. काही रक्कम बुडाली ती बुडालीच.

जावा निघाली ती नेमकी या दुखण्यावर. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती जाहीर केली. जेम्स गॉस्लिंग हे तिचे मुख्य कर्ते. घोषणा होती, एकदा लिहा, कुठेही चालवा. जावाचा प्रोग्रॅम थेट विंडोजसाठी किंवा मॅकसाठी तयार होत नाही, त्याचा मधल्या स्वरूपातला 'बाइटकोड' होतो. प्रत्येक यंत्रावरचं 'व्हर्च्युअल मशीन' तो वाचून चालवतं. यंत्र बदललं तरी प्रोग्रॅम तोच राहतो.

मायक्रोसॉफ्टला याची धास्ती का वाटावी? तेव्हा दहातल्या नऊ पीसींवर विंडोज होतं. सगळे प्रोग्रॅम विंडोजवर म्हणून लोक विंडोज घेत, आणि लोक विंडोजवर म्हणून प्रोग्रॅमर विंडोजसाठीच लिहीत. हे चक्र जावा तोडू शकत होती.

मायक्रोसॉफ्टने जावाला विरोध केला नाही, उलट १९९६ मध्ये रीतसर परवाना घेतला. मग आपल्या जावात अशा सोयी घातल्या की त्या वापरून लिहिलेला प्रोग्रॅम फक्त विंडोजवरच चालावा. १९९७ मध्ये सन कोर्टात गेली. २००१ मध्ये २ कोटी डॉलर देऊन मायक्रोसॉफ्टने तो दावा मिटवला. त्याच वर्षी, अमेरिकन सरकारने भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात, जावाच्या प्रोग्रॅमरांची दिशाभूल केल्याचा ठपका अपील कोर्टानेही कायम ठेवला. तोवर कंपनीने स्वतःची सी शार्प भाषा आणि डॉट नेट पुढे आणलं होतं.

टेबलावरच्या संगणकावर जावा हरली, यात सगळा दोष मायक्रोसॉफ्टचा नव्हता. जावाचे प्रोग्रॅम सुरू व्हायला वेळ घेत आणि पडद्यावर परके दिसत. पण सर्व्हरवर दिसण्याला किंमत नसते. तिथे जावाने बँकांपासून मोठ्या दुकानांपर्यंत सगळीकडे बस्तान बसवलं. पुढे अँड्रॉइडची ॲप्सही जावात लिहिली जाऊ लागली. खुद्द मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये डॉट नेटचा गाभा खुला करून तो लिनक्स आणि मॅकवर नेण्याचं जाहीर केलं. ज्या कल्पनेला अडवलं, तीच शेवटी घरात घ्यावी लागली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि त्याच वर्षी अँड्रॉइडमधल्या जावावरून गूगलवर दावा ठोकला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गूगलच्या बाजूने निकाल दिला तो २०२१ मध्ये. म्हणजे कुठेही चालणाऱ्या भाषेलाही मालक असतो, आणि मालक बदलला की वारं फिरू शकतं.

म्हणून मावसभावाला माझं उत्तर असं. एकटी भाषा एवढ्या मोठ्या कंपनीला खाली खेचत नाही. पण त्या कंपनीला सोडून जायची वाट ती आपल्याला देते, आणि गिऱ्हाईक जाऊ शकतं हे कळलं की दुकानदार नीट वागतो. ही वाट भाषेबरोबर माहितीलाही हवी. आज प्रोग्रॅम कुठेही चालतो, पण आपले फोटो आणि हिशेब एखाद्या कंपनीच्या क्लाउडवर अडकलेले असतात. काहीही वापरायला घेताना एकच विचार, उद्या हे सोडायचं ठरवलं तर माझं सामान मला परत नेता येईल का?

बाबांचा प्रोग्रॅम मी नंतर जावात पुन्हा लिहिला. नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवल्या, कुठल्याही संगणकावर उघडतील अशा. बाबा तरीही महिनाअखेरीला सगळे आकडे खतावणीत उतरवून घेतात. मी त्यांना अडवत नाही.