आठवड्याची घागर

निऑन टेट्रा हा मासा एकट्यानं पाळायचा नसतो. जाणते सांगतात, सहा तरी घ्या. दहा घेतलेत तर फारच बरं. जीव केवढा, तर बोटाच्या दीड पेराएवढा. दोघेतिघेच ठेवले, की पाणवेलीआड दडून बसतात. दहाबारा असले, की निळ्या रेघांचा थवाच्या थवा एका क्षणी वळतो, आणि घरातलं माणूस हातातलं काम विसरतं.

हा मूळचा अ‍ॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला. पाचोळा कुजून चहाच्या रंगाच्या झालेल्या मऊ पाण्यातला. १९३६ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं, ते फिलाडेल्फियाच्या विल्यम इन्स नावाच्या एका मासेवेड्या गृहस्थावरून. आणि आमचं मराठवाड्याचं पाणी कसं, तर भांड्यांना पांढरी पुटं चढवणारं! आता दुकानांत येतात ते बहुतेक माणसानं पैदास केलेले असतात, म्हणूनच इथं निभावत असावेत.

लातूरला आमच्या आक्कानं असे अकरा पाळले होते. पेटीत पाणी साठ लिटर. माशांच्या मळातलं विष वाळूतले सूक्ष्म जंतू बरंचसं सौम्य करतात. पण उरलेलं साचत जातं, ते पाणी बदलल्यावाचून जात नाही. म्हणून आठवड्याला चौथा हिस्सा, म्हणजे एक घागर, बदलायची.

२०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण आटलं. लातूरचे नळ कोरडे पडले. टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली; दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत आक्का पेटीवर चादर टाकून ठेवी, शेजारणीच्या नजरेला पडू नये म्हणून. दाजी एकदाच बोलले, "माणसं रांगेत अन् मासे पाण्यात!"

हिशेबानं आक्काचं काही चुकत नव्हतं. पेटीतून निघालेली घागर ती संडासाला वापरी. थेंब वाया जात नव्हता. पण रांगेत उभ्या असलेल्या माणसापुढं हिशेब कुणी मांडावा? शेवटी तिचा फोन आला. "भाऊ, ही लेकरं घेऊन जा तुझ्याकडं नांदेडला."

आमच्या अंगणातल्या आडाला तेव्हा हात-दोन हात पाणी होतं. मी गेलो. मासे पिशवीत, पिशवी थर्माकोलच्या डब्यात. सोबत तिच्याच पेटीतली वाळू, तीही ओलीच, म्हणजे जंतू जगावेत. चाकूर, अहमदपूर, लोहा, एस.टी.त डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. घरी उघडला तर सारे मातकट, रेघ म्हणून दिसेना. "अहो, गेले की हे!" बायको म्हणाली. पण अंधारात यांचा रंग विझतो, उजेडात हळूहळू परततो. तासाभरात पहिली निळी रेघ उमटली.

त्या आठवड्यात दोन गेले. आक्का रोज संध्याकाळी फोन करी. किती उरले, हे तिनं कधी विचारलं नाही. विचारी ते एवढंच, "मिळून फिरतात ना रे?"

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. भाऊबीजेला ती आली, ती आधी पेटीपुढं जाऊन बसली. ओवाळून झाल्यावर मी म्हटलं, "आक्का, चार मला राहू देतेस का?"

"वाटून घेण्यातले नाहीत ते," ती म्हणाली. बायकोनं माळ्यावरून थर्माकोलचा डबा काढून दिला.