पोच

पतपेढीचे अध्यक्षपद आमच्याकडे कर्तृत्वाने आले नाही. ते वयाने आले. महाविद्यालयातील आमच्याहून ज्येष्ठ असे सारे प्राध्यापक एकामागून एक निवृत्त झाले. मग एका वार्षिक सभेत कोणी तरी आमचे नाव सुचविले, कोणी तरी अनुमोदन दिले, आणि तेवढ्यात चहा आल्यामुळे विरोध करावयाचे राहून गेले. ज्याची हयात इंग्रजी काव्य शिकविण्यात गेली त्याच्या हाती वर्गणीचा पैसा सोपवावा यात सभासदांचा भोळेपणा होता, आणि आम्ही तो घ्यावा यात आमचा.

पतपेढीचा व्यवहार तसा साधा. दरमहा पगारातून सभासदांची वर्गणी कापून घ्यावयाची. त्यातून कोणास मुलीच्या लग्नासाठी, कोणास घराच्या छपरासाठी कर्ज द्यावयाचे. उरेल ती रक्कम जिल्ह्याच्या मध्यवर्ती सहकारी बँकेत मुदतीने ठेवावयाची. सावकाराच्या पाशातून कुणब्यास सोडविण्यासाठी १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा जो पहिला कायदा या देशात झाला, त्याचेच हे नोकरपेशाचे धाकटे रूप म्हणावयाचे. १९६१ च्या आयकर कायद्यानेही या संस्थांकडे ममतेने पाहिले. त्याच्या ८०-पी या कलमान्वये सभासदांस कर्ज देऊन होणारा नफा करपात्र उत्पन्नातून वजा मिळे, आणि दुसऱ्या सहकारी संस्थेत गुंतविलेल्या रकमेवरील व्याजही वजा मिळे.

२०१८-१९ या वर्षाचे विवरणपत्र आमच्या कारकुनांनी मुदतीत भरले. बँकेचे १४ लाख रुपयांचे व्याज त्यात दाखविले होते आणि त्याची वजावटही मागितली होती. काही महिन्यांनी खात्याचा कागद आला की हिशेब जुळला, देणे-घेणे काही नाही. 'सरकारने आपले म्हणणे मान्य केले' असे आम्ही मोठ्या ऐटीत सभेस सांगितले. टाळ्याही पडल्या.

तो कागद म्हणजे मान्यता नव्हती. ती नुसती पोच होती. अशी सूचना म्हणजे आकारणी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच सांगून ठेवले होते. पुढे २०१० साली त्याच न्यायालयाने, केवळ मत बदलले एवढ्यावरून आकारणी पुन्हा उघडता यावयाची नाही, असे म्हटले; पण ते कवच ज्यांची रीतसर छाननी होऊन आकारणी झाली त्यांचे. आमच्या प्रकरणात अधिकाऱ्याने काही मत बनविलेच नव्हते, तर ते बदलले अशी तक्रार कोणत्या तोंडाने करावी? शब्दांचे अर्थ सांगून पोट भरणाऱ्या मनुष्यास 'पोच' या शब्दाचा अर्थ इतक्या उशिरा कळावा, हे पाहून आमच्या पत्नीला हसू आले. आम्हांस आले नाही.

मार्च २०२३ मध्ये, उत्पन्न आकारणीतून निसटले असल्याचे कळते, तरी प्रकरण का उघडू नये याचे कारण दाखवा, अशी नोटीस आली. उत्तरास त्या वेळच्या कायद्याने निदान ७ दिवस द्यावे लागत. तेवढे दिलेही होते. परंतु नोटीस आली ती ई-मेलने. तो पत्ता कारकुनांनी उघडलेला. कारकून २०२१ मध्येच निवृत्त झालेले, त्याचा परवलीचा शब्द त्यांच्या मुलास ठाऊक, आणि मुलगा नाशकास! आम्हांस वार्ता लागली तेव्हा प्रकरण उघडून झाले होते. अध्यक्ष या नात्याने तो पत्ता बदलून घेणे हे आमचे काम होते. ते आम्ही केले नव्हते.

आता वाद काय तो ऐका. २००६ च्या वित्त अधिनियमाने ८०-पी मध्ये एक पोटकलम घातले: १ एप्रिल २००७ पासून, प्राथमिक कृषी पतसंस्था वगैरे सोडल्या तर, सहकारी बँकांस ही वजावट नाही. खात्याचे म्हणणे असे की, जिल्हा बँक ही बँक झाली, तेव्हा तिच्याकडून आलेले व्याज 'सहकारी संस्थेकडून' आलेले नव्हे. आमचे म्हणणे असे की, बँक झाली तरी ती सहकारी कायद्याखाली नोंदलेली संस्थाच आहे. सवलत काढून घेतली ती बँकेच्या स्वतःच्या उत्पन्नाची, तिच्या ठेवीदाराची नव्हे. थोरल्या भावाचा वाटा बुडाला म्हणून धाकट्याचाही बुडवावा काय?

न्यायालयांकडे पाहावे तर तेथेही एकवाक्यता नाही. कर्नाटकात शिरसी येथे बागाईतदारांची एक विक्री संस्था आहे. सभासदांचा माल विकून आलेला, पण त्यांस तूर्त न दिलेला पैसा गुंतवून तिने जे व्याज मिळविले, ते धंद्याचे उत्पन्न नव्हे, इतर मार्गांचे होय, असा सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तिच्या विरुद्ध निर्णय दिला. त्याच संस्थेचा, सहकारी बँकेच्या व्याजाचा आमच्यासारखाच प्रश्न २०१७ साली कर्नाटक उच्च न्यायालयापुढे आला. एका खंडपीठाने तो संस्थेच्या बाजूने सोडविला आणि त्याच वर्षी दुसऱ्याने विरुद्ध! सहकारास उत्तेजन देणारी ही तरतूद उदारपणे वाचावी, असे २०२१ साली केरळातील पतसंस्थांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले. आमची सारी भिस्त त्यावर. साखर कारखान्यांच्या उसाच्या दराचा असाच जुना तंटा २०२३ च्या अंदाजपत्रकात एका वाक्याने मिटला, आणि सुमारे १०,००० कोटींचा दिलासा मिळेल असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. कारखान्यांविषयी आमचा आकस नाही. पतपेढ्यांकरिता तसे वाक्य कोणी लिहिले नाही, एवढेच आम्ही नमूद करतो.

आम्ही सोळा पानांचे इंग्रजी उत्तर लिहिले. आमच्याच एका जुन्या विद्यार्थिनीने, जी आता सनदी लेखापाल आहे, त्यातील साडेतेरा पाने खोडली. "सर, हे वाचायला छान आहे," एवढेच ती म्हणाली. आमच्या तरुणपणी आयकर अधिकारी म्हणजे समोर बसलेला, पान खाणारा, कधी चिडणारा माणूस असे. आता तो कोण, कोणत्या गावचा, हेही कळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये हुकूम आला. वजावट नामंजूर; कर आणि त्यावरील व्याज मिळून मागणी ७ लाखांच्या घरात.

अपील ३० दिवसांच्या आत केले. ते चालू असता वसुली थांबावी म्हणून मागणीच्या २० टक्के, म्हणजे सुमारे १ लाख ४० हजार रुपये, भरावे लागले. त्या वर्षी लाभांश वाटला नाही आणि जूनमधील कर्जाचे तीन अर्ज दिवाळीवर ढकलले. तिन्ही अर्ज आम्हीच सही करून परत पाठविले. त्यांतील एक मुलाच्या कॉलेजच्या फीचा होता.

वार्षिक सभेत आम्ही सारा प्रकार उभे राहून सांगितला. न उघडलेल्या ई-मेलसुद्धा. कोणी रागावले नाही, याचेच वाईट वाटले. मागच्या बाकावरून प्रयोगशाळेतील आमचे जुने परिचर उठले. "सर, एक विचारू का? पैसे आपले, कर्ज आपल्यालाच, बँकपण सहकारीच. मग यात नफा नेमका कुणाला झाला?" आमच्या उत्तरातून खोडलेल्या साडेतेरा पानांत आम्हांस म्हणावयाचे होते ते हेच. आम्ही त्यांस म्हणालो, "तेच विचारले आहे, दादा. अजून उत्तर नाही."

अपील अद्याप पडून आहे. १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून नवा यावयाचा असे मध्यंतरी ठरले. आमचे भांडण मात्र जुन्याच कायद्याचे. ई-मेलचा पत्ता आता आमच्या नावावर आहे. रोज सकाळी पहिल्या तासापूर्वी आम्ही तो उघडतो. बहुधा जाहिराती असतात. त्याही आम्ही शेवटपर्यंत वाचतो.